शिलेदाराचा घोडा

बुऱ्हाणपुरात वारांच्या नावांच्या वस्त्या आहेत. शनवारा आहे, इतवारा आहे. पुण्याच्या पेठा ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ह्याचे नवल वाटायचे नाही. बाजाराचा वार, सुटीचा वार, देवाचा वार अशी आठवड्याची आखणी जुन्या शहरांच्या अंगी मुरलेली असे. पण ज्या गावाने आपल्या वेशींनासुद्धा वारांची नावे दिली, त्याच गावात आज कोणता वार आहे ह्याची शुद्ध नसलेली माणसे दिवसेंदिवस वाढू लागली आहेत. ती आळशी नाहीत, की व्यसनी नाहीत. ती घरी बसून स्वतःचे काम करतात, एवढेच.

मीही त्याच जातकुळीचा. गेली बावीस वर्षे घरबसल्या भाषांतरे करतो आणि मुद्रिते तपासतो. माझ्या भिंतीपलीकडे एक मोमीन कुटुंब राहते. त्यांच्याकडे चार यंत्रमाग आहेत. व्यापारी सूत देतो, हे कापड विणून देतात आणि मजुरी मीटरवर मिळते. माझी मजुरी पानावर मिळते. त्यांच्या मागाचा खडखडाट आणि माझ्या टंकफलकाची टकटक ह्यांत आवाजाचा फरक सोडला तर हिशेब एकच. हात चालला तर पैसा, हात थांबला की पैसा थांबला.

ह्या पंथाला हल्ली 'फ्रीलान्सर' म्हणतात. शब्द मोठा ऐटबाज आहे आणि त्याचा इतिहासही मजेचा आहे. वॉल्टर स्कॉटच्या, १८१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'आयव्हॅन्हो' कादंबरीत तो भाडोत्री भालाइतांसाठी आला आहे. ज्याचा भाला कोणा एका धन्याला बांधलेला नाही, तो मोकळा भालाईत. हे वाचले तेव्हा मला वाटले, अरे, ह्यासाठी इंग्रजांच्या दारी कशाला जायचे? आपल्याकडे ह्याहून नेमका शब्द पडलेला आहे: शिलेदार.

मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगीर सरकारी घोड्यावर बसे. घोडा सरकारचा, हत्यार सरकारचे, ह्याने फक्त लढायचे आणि पगार घ्यायचा. शिलेदार आपला घोडा आणि आपले हत्यार घेऊन चाकरीला येई. त्याचा मान मोठा आणि मोबदलाही जास्त. होळकरशाहीच्या गावात राहणाऱ्या वाचकांना हे सांगायला नको. खुद्द मल्हाररावांची उमेदवारी खानदेशात, तळोद्याला मामाच्या आश्रयाने, कदमबांड्यांच्या पथकातच झाली. पेशव्यांच्या उत्तरेकडील स्वाऱ्या आमच्या ह्याच बुऱ्हाणपुरावरून हंडियाच्या घाटाकडे जात, तेव्हा तापीच्या काठी असे किती शिलेदार उतरले असतील!

पण शिलेदारीची एक बाजू बखरीतल्या पराक्रमापेक्षा निराळी आहे. बारगिराचा घोडा पडला तर नुकसान सरकारचे. शिलेदाराचा घोडा पडला तर शिलेदार बुडाला, कारण त्याची सारी इस्टेट त्या चार पायांवर उभी. म्हणून शिलेदार आपल्या घोड्याला फार जपे. इतका, की ऐन लढाईत तो हात राखून वागतो अशी तक्रार सेनापती करीत. सेनापतीच्या दृष्टीने ते खोटे नव्हते. पण शिलेदाराच्या जागी उभे राहून पाहिले तर त्याचे तरी काय चुकले?

आजचा शिलेदार मात्र ह्याच्या अगदी उलट वागतो. त्याचा घोडा म्हणजे त्याचे शरीर, डोळे, पाठीचा कणा आणि मन. तो आजारी पडला तर पगारी रजा नाही, पेन्शन नाही, घोडा बदलून देणारी पागा नाही. आणि नेमका हाच माणूस तो घोडा रात्रंदिवस दामटीत असतो!

हे सारे मनात घोळायला लागले ते माझ्या पुतण्यामुळे. पुण्यातली चांगल्या पगाराची नोकरी सोडून तो दोन वर्षांपूर्वी बुऱ्हाणपुरास परत आला. संगणकावर चित्रे आणि आराखडे काढून देतो. गिऱ्हाइके काही मुंबईची, काही अमेरिकेतली. न्यूयॉर्कला सकाळ उजाडते तेव्हा आमच्याकडे दिवेलागण झालेली असते. म्हणजे दिवसा मुंबईचे काम आणि रात्री अमेरिकेचे. पहिल्या वर्षी पैसा बरा मिळाला. दुसऱ्या वर्षी वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, हा जेवतो पण काय जेवला ते त्याला सांगता येत नाही." एवढ्या एका वाक्यात त्यांनी सगळे निदान केले होते.

कारण ह्या दुखण्याला आता रीतसर नाव आहे. १९७४ साली न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर ह्या मानसशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले, तेव्हा त्याने जळून राख होण्याची उपमा वापरली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याची तीन लक्षणे सांगितली. एक, अंगातले त्राण संपणे. दोन, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे. तीन, हातून पूर्वीसारखे काम न होणे. हा रोग नव्हे, कामाच्या न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था आहे, असेही तिने स्पष्ट केले. आपल्या भाषेत सांगायचे तर घोडा बसला. चाबूक मारून बसलेला घोडा उठत नाही. उठलाच तर पुन्हा पडण्यासाठी.

त्याच संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने मिळून २०२१ साली एक हिशेब प्रसिद्ध केला. आठवड्यास ५५ किंवा त्याहून अधिक तास राबणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेने, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. २०१६ ह्या एका वर्षात अशा अतिश्रमाने जगभर सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे दगावली. पुतण्याचे तास मी एकदा कागदावर मांडून पाहिले. सत्तरीच्या पुढे गेले होते. माझ्या शेजाऱ्याचेही तेवढेच भरतील.

आता प्रश्न असा, की अंगावर धनी नसताना माणूस एवढे का राबतो? माझ्या मते कारणे तीन आहेत. पहिले भय. आलेले काम नाकारले तर पुढचे येईल की नाही हे कोणी सांगावे? दुसरे, प्रत्येक तासाला भाव लागलेला असतो. नोकरदार संध्याकाळी अंगणात बसला तर तो बसलेला असतो. आम्ही बसलो तर अमुक इतके रुपये बसवून ठेवलेले असतात. तिसरे आणि सर्वांत खोल कारण म्हणजे दिवसाला काठच नसतो. कचेरीला भोंगा असतो, शाळेला घंटा असते. घरच्या कामाला उंबरठा नाही, त्यामुळे ते स्वयंपाकघरापर्यंत आणि झोपेपर्यंत शिरते. सी. नॉर्थकोट पार्किन्सन ह्यांनी १९५५ साली विनोदाने सांगितले होते की जेवढा वेळ मोकळा असेल तेवढा व्यापून काम फुगते. कचेऱ्यांना उद्देशून म्हटलेली ती गोष्ट घरी काम करणाऱ्याला जास्त लागू आहे.

प्रतिभेच्या जोरावर ह्यातून सुटता येते, असे कोणास वाटत असेल तर त्याने हरिभाऊ आपट्यांचा कामाचा व्याप आठवावा. हरिभाऊ तापीच्याच खोऱ्यातले. १८६४ साली पारोळ्यास जन्मलेले. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि ते पाव शतकाहून अधिक काळ चालविले. मराठी कादंबरीला तिचे खरे रूप देणारे 'पण लक्षात कोण घेतो?' हे पुस्तक त्याच साप्ताहिकातून, प्रकरणामागून प्रकरण असे, वाचकांच्या हाती आले. दर आठवड्याला मजकूर पाहिजे. छापखाना थांबायचा नाही. जोडीला आनंदाश्रमाची व्यवस्था आणि पुणे नगरपालिकेचे काम. एवढे ओझे त्यांनी पेलले हे खरे. पण 'आजच', 'मायेचा बाजार', 'कर्मयोग' ह्या कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या, हेही खरे. एवढ्या मोठ्या लेखकाच्या दिवसालासुद्धा आठच प्रहर होते. तिथे तुमची आमची काय कथा?

'आठ प्रहर' म्हटले म्हणजे आपल्या जुन्या कालगणनेची आठवण होते. साठ घटकांचा दिवस, चोवीस मिनिटांची घटका आणि तीन तासांचा प्रहर. ह्या मापात एक शहाणपण आहे. तास-मिनिटांनी दिवसाचे तुकडे पडतात, तर प्रहराला स्वभाव असतो. गवई हे जाणतात. सकाळचा राग ते रात्री गात नाहीत. मी माझ्या कामाची आखणी प्रहरांनीच करतो. सकाळचा एक प्रहर कठीण भाषांतराला, दुपारचा एक प्रहर मुद्रिते तपासायला आणि संध्याकाळी अर्धा प्रहर पत्रे, बिले, वसुली ह्या किरकोळीला. अडीच प्रहर, म्हणजे साडेसात तास. त्यापुढे वही मिटते. काम शिल्लक राहिले तर राहू दे. ते कोठे पळून जात नाही.

इंग्लंडचा कादंबरीकार अँथनी ट्रॉलप ह्याने आपल्या आत्मचरित्रात हीच तऱ्हा सांगितली आहे. टपाल खात्यातली नोकरी सांभाळून तो पहाटे साडेपाचला लिहायला बसे, घड्याळ समोर ठेवी आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द लिही. तीन तास झाले की लेखणी खाली. १८८३ साली ते आत्मचरित्र प्रसिद्ध झाले तेव्हा रसिकांनी नाके मुरडली. कलावंताने असे मोजून लिहावे काय! परंतु त्याने सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या.

वाचक विचारतील, वेळ आवरला तर पैसा कमी होणार, त्याचे काय? इथेच बहुतेक शिलेदारांचा हिशेब गडबडतो. पुतण्याला मी कागद-पेन्सिल घेऊन बसविले. वर्षाचे दिवस ३६५. त्यांतून ५२ रविवार वजा केले, उरले ३१३. तीस दिवस विश्रांतीचे, बारा सणावारांचे, दहा आजारपणाचे काढले. उरले २६१. ह्यांतला चौथा हिस्सा काम मिळविण्यात, बिले करण्यात, गिऱ्हाइकाची समजूत काढण्यात जातो आणि त्याचे कोणी दाम देत नाही. म्हणजे विकता येतील असे दिवस सुमारे १९५. ज्याने वर्षाचा घरखर्च ३६५ ने भागून आपला दर ठरविला, त्याने अर्ध्याच्या किंचित वर किंमतीला स्वतःला विकले. आणि उरलेली तूट तो झोपेतून भरून काढतो. "काका, दर वाढवला तर गिऱ्हाईक जाईल," तो म्हणाला. मी म्हटले, "एखादे जाईल. पण घोडा गेला तर सगळीच जातील."

वसुलीचेही असेच आहे. पैसे अडकले की माणूस भीतीने नवी नवी कामे घेत सुटतो. उद्यम नोंदणी केलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि फार तर पंचेचाळीस दिवसांत, चुकते झाले पाहिजेत असे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यात आहे. सेवा पुरविणाऱ्यांनाही तो लागू आहे. घरी बसून काम करणाऱ्या किती जणांनी ही नोंदणी केली असेल? बिलाच्या तळाशी ह्या कायद्याची एक ओळ लिहिली तरी पुष्कळ टाळाटाळ थांबते, असा माझा अनुभव आहे.

विश्रांतीच्या तीस दिवसांवर पुतण्याने भुवया उंचावल्या. तेव्हा मी त्याला पुन्हा शिवकाळात नेले. सभासदाच्या बखरीत फौजेचा वर्षाचा क्रम आला आहे. पावसाळ्यात फौज छावणीस येई. तिथे घोड्यांसाठी दाणा-वैरण आणि औषधे आधीच भरून ठेवलेली असत. दसऱ्याला कूच, आठ महिने मुलूखगिरी, पुन्हा छावणी. ज्यांनी राज्य उभे केले त्यांनी वर्षाचे चार महिने घोड्यांना उसंत दिली होती. त्याला कोणी आळस म्हटले नाही. छावणीचा खर्च मोहिमेच्या खर्चातच धरलेला असे, हा त्यातला मुद्दा आहे. आमच्या गावी मे महिन्याचा उन्हाळा असा असतो की दुपारी कावळासुद्धा सावली सोडीत नाही. मी माझी छावणी तेव्हाच टाकतो.

उसंतीतून काय मिळते हे बुऱ्हाणपूरकराला दूर जाऊन शिकावे लागत नाही. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या अमलात, इथे कुंडी भंडाऱ्याची योजना झाली. सातपुड्याच्या बाजूने जमिनीत मुरलेले पाणी तापीकडे झिरपत जाते. ते वाटेत अडवून, ओळीने खणलेल्या शंभरावर कुंड्या भूमिगत बोगद्याने जोडून, नुसत्या उताराने शहराकडे आणले. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. खाली उतरून पाहिले म्हणजे भिंतींतून थेंब थेंब पाझरताना दिसतो. ह्या पाण्याला ओढून काढता येत नाही. जेवढे मुरते तेवढेच मिळते. आणि चुन्याचा थर धरून बोगदा अरुंद होत जातो, म्हणून तो वेळोवेळी साफही करावा लागतो. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्याचे नाव आले, तेव्हा गावाला आनंद झाला. पण त्याची खरी शिकवण आपण अजून नीट घेतलेली नाही. मनही मुरलेलेच पाणी देते.

देवासचे उदाहरण तर आपल्या घरचे आहे. क्षयाने गाणे बंद पडल्यावर कुमार गंधर्व १९४८ साली देवासला राहायला आले. कित्येक वर्षे त्यांना गाता आले नाही. मैफलीवर जगणाऱ्या गवयाला ह्याहून मोठे संकट कोणते? परंतु त्या सक्तीच्या मौनात माळव्याची लोकगीते त्यांच्या कानांवर पडत राहिली, मुरत राहिली, आणि पुढे त्यांच्या गाण्यात एक निराळेच पाणी आले. १९६५ साली निघालेला 'अनूपरागविलास' त्याची साक्ष देतो. अशी विश्रांती कोणाच्या वाट्याला येऊ नये. पण रिकामा दिसणारा काळ रिकामा नसतो, एवढे त्यावरून समजावे.

इथवर सांगितले ते ज्याला दर ठरविता येतो त्याच्यापुरते झाले. माझ्या शेजाऱ्याचे काय? मीटरचा भाव तो ठरवीत नाही. माग जास्त तास चालविणे एवढाच त्याच्या हाती असलेला उपाय. त्याला मी प्रहरांची आखणी सांगायला गेलो तर तो सभ्य माणूस आहे, ऐकून घेईल आणि चहा पाजील. विश्रांतीचा प्रश्न शेवटी दराचा प्रश्न आहे आणि दराचा प्रश्न एकट्याने सुटत नाही.

ह्या ठिकाणी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांचे नाव घेतलेच पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत साप्ताहिक सुटी नव्हती त्या काळात, १८८४ मध्ये, त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला आणि रविवारची सुटी मागितली. २४ एप्रिल १८९० रोजी दहा हजार कामगार सभेला जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज आपण ज्या रविवारी सकाळी सावकाश वर्तमानपत्र वाचतो, तो असा मागून घेतलेला आहे. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घातली. हे सारे कारखान्याच्या दाराच्या आत राहिले. नीती आयोगाच्या २०२२ सालच्या अहवालाप्रमाणे सुटी-सुटी कामे घेऊन जगणारे देशात २०२०-२१ साली ७७ लाख होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. एवढ्या शिलेदारांना लोखंडे कोठून आणायचे?

पुतण्याने अमेरिकेतले एक गिऱ्हाईक सोडले. प्राप्ती सध्या कमी झाली आहे आणि ती भरून येईलच अशी हमी मी त्याला दिलेली नाही. तो रात्री झोपतो आणि वहिनींच्या हातच्या वांग्याच्या भाजीत तिखट जास्त झाले तर तक्रार करतो. ह्याहून महत्त्वाचे एक काम त्याने परवा केले. गावातल्या, त्याच्यासारखेच काम करणाऱ्या सात-आठ मुलामुलींना त्याने एकत्र बोलाविले. रविवारी काम घ्यायचे नाही आणि अमुक दराच्या खाली कोणी जायचे नाही, असे त्यांनी आपसांत ठरविले. किती दिवस टिकेल ते पाहायचे. ती बैठक माझ्या शेजाऱ्याच्या ओसरीवर झाली. शुक्रवारची दुपार होती. जुम्यामुळे माग बंद होते, त्यामुळे सगळ्यांचे बोलणे सगळ्यांना नीट ऐकू आले.